अर्धा कोयता

परभणी, २६ सप्टेंबर १९८६

मोहनकाका,

तुमच्या पाया पडते आणि लगेच कामाचं बोलते, कारण वेळ थोडा आहे.

स्वीडन नावाच्या देशात एक संस्था आहे. आपल्यासारख्या देशांतल्या तिशीच्या आतल्या शास्त्रज्ञांना ती तीन वर्षांच्या संशोधनासाठी अनुदान देते. मी अर्ज केला होता. पहिल्या चाळणीत बहुतेकांचे अर्ज गळाले, माझा राहिला. मला अजून खरं वाटत नाही. आमचे सर म्हणतात, खरं वाटायची घाई करू नकोस, अजून दुसरी चाळणी आहे.

माझी इथली नोकरी हंगामी आहे हे तुम्हाला माहीत आहे. जूनमध्ये ती संपते. अनुदान मिळालं तर विद्यापीठ मला प्रयोगशाळेत जागा देईल. नाही मिळालं तर गाठोडं बांधायचं, आणि पुढच्या वर्षीपासून वय बसणार नाही. म्हणजे हा एकच डाव आहे.

माझा विषय ज्वारीचा. पाणी तुटल्यावर बाकीची ज्वारी वाळते, पण एखादं ताट शेवटपर्यंत हिरवं राहून कणीस भरतं. ते कशामुळे, हे मला शोधायचं आहे. त्यासाठी शेतकऱ्याच्या रानात तीन हंगाम एक तुकडा लागतो. मी आपल्या माळावरचा वीस गुंठ्यांचा तुकडा लिहिला आहे. सोबत संमतीचा कागद आहे. त्यावर आबांचा अंगठा घ्या, सोसायटीचा शिक्का मारून साक्षीदार म्हणून तुमची सही करा आणि मला पाठवा. डिसेंबर संपायच्या आत तो तिकडे पोचला पाहिजे.

आबांना फार समजावत बसू नका. पैसे आधी येतात, काम नंतर करायचं असतं, तेव्हा त्यांना कसला खर्च नाही, एवढंच सांगा.

मायला सांगा, मी जेवते.

तुमची सत्यभामा


वाडी, पोस्ट घाटनांदूर, १६ ऑक्टोबर १९८६

चि. सत्यभामा,

काका बरा आहे, विहीर बरी नाही. तळ दिसायला लागला आहे. दसरा रविवारी झाला आणि सोमवारी पहाटे ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. तुझे आबा आणि माय मुंजाजी मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून कृष्णाकाठच्या कारखान्यावर गेले. वाडीत आता म्हातारे, शेळ्या आणि सोसायटीचा सचिव, एवढेच उरलो आहोत.

तुझा कागद मी दोनदा वाचला. मॅट्रिकला इंग्रजीत पस्तीस मार्क होते, शिवाय बारा वर्षं अर्ज वाचण्यात गेली आहेत, त्यामुळे मला कागद कळतात. हा कळला नाही.

तू म्हणालीस तेवढंच मी आबाला सांगितलं. पैसे आधी, काम नंतर. आबा बैलाच्या शिंगाला तेल लावत होता. म्हणाला, "म्हंजी उचल."

मी म्हणालो, उचल नाही, अनुदान. तो म्हणाला, "नाव कायबी असू दे. आदी पैसे देतो, मंग तीन वर्सं राबवून घेतो, ती उचलच की. मुकादम कोन हाय?"

आता मुकादम कोण, हे मला कागदात सापडेना. एका ठिकाणी तुझ्या सरांचं नाव आहे, ते हमी देतात असं दिसतं. आबा म्हणाला, तोच मुकादम. मग त्यानं विचारलं, आजारी पडली तर? मी कागद बघितला. काम अर्धवट सोडलं तर रक्कम परत करावी लागेल, असं स्पष्ट लिहिलं आहे. खोटं कसं सांगू? आबा म्हणाला, "बग. मी काय म्हनलतो."

सगळ्यात मोठी शंका पुढे आहे. कोयता म्हणजे नवराबायको मिळून. एकट्या माणसाला टोळीत अर्धा कोयता धरतात आणि उचलही अर्धीच देतात. तुझं लग्न झालेलं नाही. मग तुला एकटीला पुऱ्या तीन वर्षांची उचल कोणता मुकादम देतो आणि कावून देतो? आबा म्हणाला, अर्ध्या कोयत्याला पुरी उचल देणारा मानूस सरळ नसतो.

अंगठा झालेला नाही. जाताना ट्रकमधून वाकून म्हणाला, "पोरीला लिही, घेतली आसंल तर वापस दे म्हनावं."

काका


परभणी, २७ ऑक्टोबर १९८६

मोहनकाका,

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले आणि मग रडकुंडीला आले.

ही उचल नाही. मला कोणी कुठे नेणार नाही. मी इथेच परभणीत आणि आपल्या माळावर काम करणार. ते लोक कधी येणारही नाहीत. वर्षातून एकदा मी त्यांना अहवाल पाठवायचा. तो बरा वाटला तर पुढच्या वर्षाचे पैसे येतात. सर मुकादम नाहीत. ते फक्त माझ्या कामावर लक्ष ठेवतात, मी काम करीन अशी हमी देतात आणि

हे लिहिताना मला थांबावं लागलं काका. वाचून बघितलं तर आबा म्हणतात तसंच दिसतंय. पण ते तसं नाही. कसं नाही, हे मला कागदावर सांगता येत नाहीये. उसाला टन असतात, संशोधनाला नसतात. मी तीन वर्षं शोधलं आणि काहीच सापडलं नाही, तरी ते लोक मला काही म्हणणार नाहीत. सापडलं नाही असं लिहायचं, झालं. असा मुकादम आबांनी कधी बघितला आहे का, ते विचारा.

खरं तर विचारू नका. विचारलं की वाढतं. तुम्ही कारखान्यावर जा आणि अंगठा घेऊन या. तुमच्याशिवाय मला कोणी नाही. या कागदापायी माझं नाव गळालं तर मी कुणाला तोंड दाखवू?

सत्यभामा


वाडी, २ डिसेंबर १९८६

चि. सत्यभामा,

काम झालं. कागद सोबत आहे. अंगठा आबाचा, शिक्का सोसायटीचा, सही माझी. शिक्का जरा तिरका पडला आहे. शाई वाळली होती, थुंकी लावावी लागली.

दोन एसट्या बदलून गेलतो. आबा-मायची कोपी पाचटाची आहे, आत वाकून शिरावं लागतं. माय डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढत होती, मला बघून वरूनच म्हणाली, चहा घेतल्याबिगर जाऊ नका भाऊजी. तिचं वजन कमी झालं आहे. तू जेवतेस हे तिला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही.

आबानं मला कागद पहिल्यापासून वाचायला लावला. बियाण्याच्या रकान्यात तू काय लिहिलं आहेस, तेही विचारलं. मी वाचून दाखवलं, 'स्थानिक वाण, बीड जिल्हा'. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग अंगठा दिला.

तर तू आता निश्चिंत राहा. मधे मला अंबाजोगाईला कोर्टापुढच्या टायपिस्टकडे जावं लागलं, सोसायटीचं काम होतं. सहज विचारतो, स्वीडनला थंडी किती असते? आणि तिकडे ऊस होतो का?

काका


परभणी, १९ फेब्रुवारी १९८७

मोहनकाका,

तुमचं सोसायटीचं काम माझ्या हातात आहे.

काल स्वीडनहून जाड पाकीट आलं. निकाल असेल म्हणून मी सरांसमोरच फोडलं. आत त्यांच्या पत्राला जोडून दुसऱ्या एका पत्राची प्रत होती. टाइप केलेलं, खाली अंगठा आणि तुमचा तिरका शिक्का. सरांनी ते मोठ्यानं वाचलं. तुम्हाला आठवत नसेल तर मराठीत लिहिते.

'साहेबांस कळविण्यात येते की, सत्यभामा ही माझी मुलगी असून तिने आपल्याकडून तीन वर्षांची उचल घेतल्याचे समजते. ती शिकलेली आहे, तिला राबण्याची सवय नाही. तरी या हंगामाची उचल फिटल्यावर तिच्या जागी मला घ्यावे. मी व बायको मिळून पुरा कोयता आहोत. ऊस नसल्यास ज्वारीचे काम येते. आपण मागविलेली ज्वारी माझ्याच रानातली असून चौदा वर्षे मीच राखलेली आहे. तिच्याबद्दल मुलीपेक्षा मला जास्त माहिती आहे. मुलीस मोकळे करावे.'

सर आधी हसले. माझ्याकडे बघून थांबले.

काका, हे काय केलंत? एवढी वर्षं मी आमच्या खात्यात सगळ्यांसारखी सरळ उभी राहायला शिकले. कोणाचा बाप काय करतो हे कोणी विचारलं तर शेती म्हणायचं, एवढ्यावर भागवलं. आता साऱ्या खात्याला कोपी, कोयता, उचल सगळं माहीत झालं. आणि तुम्ही मला लिहिलंत, निश्चिंत राहा.

तिकडच्या लोकांनाही काही कळलेलं नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले आहेत. श्री. आसाराम, म्हणजे आपले आबा, हे प्रकल्पात तीन वर्षं काम करायला तयार आहेत असं दिसतं, तर ते सहकारी आहेत का? बियाणं त्यांनी निवडून राखलं हे खरं आहे का, आणि असेल तर अर्जात त्यांचं नाव का नाही? आणि कोयता म्हणजे काय?

मार्च संपायच्या आत उत्तर हवं, तोवर निर्णय थांबवला आहे. पहिल्या प्रश्नाला नाही म्हणावं तर आबा खोटे ठरतात. दुसऱ्याला हो म्हणावं तर मी.

सत्यभामा


वाडी, १ मार्च १९८७

चि. सत्यभामा,

रागाव. हक्क आहे तुझा. पण आता मी लपवलेलं सगळं सांगतो, मग रागाव.

कारखान्यावर मी कागद वाचून दाखवला, तेव्हा आबा गप्प राहिला एवढंच तुला लिहिलं होतं. तो नंतर बोलला. म्हणाला, "बियानं कुनाचं ते न्हाई लिवलं तिनं?" मी म्हणालो, स्थानिक लिहिलं आहे. तो म्हणाला, "बरं केलं. माजं नाव घातलं आसतं तर लोक म्हनले आसते, बापाच्या घरचंच उचलून आनलं. हुशार हाय पोरगी." हे तो मनापासून म्हणाला, टोमणा नव्हता. म्हणूनच मला तुला लिहिता आलं नाही.

तुला बाहत्तरच्या दुष्काळाचं काही आठवणार नाही असं नाही, चांगली पंधरा वर्षांची होतीस. माळावरची सगळी ज्वारी वाळून कागद झाली होती. ऊस नव्हता म्हणून टोळीही लवकर परतली होती. आबा रोज खडी फोडून आल्यावर रानात एक फेरी मारायचा. लोक म्हणायचे, याचं डोकं फिरलं, मेलेल्या रानात काय बघतो. एक दिवस सात कणसं घेऊन आला. म्हणाला, ही सात ताटं हिरवी होती. घरात खायला नव्हतं आणि त्यानं ती सात कणसं खाऊ दिली नाहीत. मायनं चुलीच्या वर धुरात टांगली. पुढच्या वर्षी पेरली, त्यातली पुन्हा हिरवी निवडली. दर हंगामाला पेरून तो ऊसतोडीवर जायचा आणि कणसं भरायच्या वेळी मुकादमाकडून चार दिवस मागून निवडायला यायचा; तो परत येईपर्यंत बियाण्याचं मडकं तुझी आजी राखायची, ती गेल्यावर मी. तू पहिल्यांदा परभणीला जाताना मूठभर बांधून नेलीस, ती हीच. तुला माहीत आहे. मी पुन्हा सांगतो, कारण सांगायला मला बरं वाटतं.

अंगठा दिल्यावर आबा म्हणाला, "आता पोरगी अडकली. मोहन, तू अर्ज लिव, माजी बदली घ्या म्हनावं." मी लई समजावलं. म्हणालो, दादा, तिला कोणी नेणार नाही. तो म्हणाला, "मुंजाजी पन दर साली म्हनतो, बळजबरी न्हाई." मला मॅट्रिक केलं त्याच्याच कोयत्यानं, तुला परभणीला पाठवलं तेही त्याच्याच कोयत्यानं. तो एक अर्ज लिही म्हणाला आणि मी नाही म्हणालो, असं माझ्या हातून झालं नाही. कोऱ्या कागदावर खाली त्याचा अंगठा घेऊन आलो, टायपिस्टकडून वर मजकूर उठवला आणि तुझ्या कागदावरच्या पत्त्यावर धाडला. खरं सांगू का, लिहिताना मलाही नक्की कळत नव्हतं, ही उचल आहे की नाही.

परत येताना त्यानं मला कारखान्याच्या बाजारात नेलं. जुन्या कपड्यांच्या ढिगातून एक लोकरीचा स्वेटर घेतला. म्हणाला, साहेबाच्या देशात बर्फ पडतो म्हणतात.

पत्रात अंगठा तुझ्या आबाचा आहे, शब्द कोर्टापुढच्या टायपिस्टचे, आणि चूक माझी. तिकडे तसं कळव. माझी सचिवकी गेली तरी चालेल.

काका


परभणी, १२ मार्च १९८७

मोहनकाका,

तुमचं पत्र मी सरांना वाचायला दिलं नाही. गच्चीवर जाऊन एकटीनं वाचलं.

मी 'स्थानिक वाण' लिहिलं, तेव्हा हात जरा अडला होता. पण सगळे तसंच लिहितात, असं म्हणून मी पुढच्या रकान्यावर गेले. आबा म्हणतात तेवढी मी हुशार नाही. मला भीती वाटली होती. बापानं दिलेली मूठभर ज्वारी, याला शास्त्र म्हणतात का, असं कोणी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

काल उत्तर टाकलं. पहिल्या प्रश्नाला लिहिलं, ते तुमचा करार चुकीचा समजले आहेत आणि मला सोडवायला निघाले आहेत, पण माझ्याबरोबर काम करतील का, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. दुसऱ्याला लिहिलं, होय. सात कणसांपासून चौदा वर्षं त्यांनीच निवड केली. नाव मी घातलं नाही, ही चूक माझी आहे, त्यांची किंवा सोसायटीची नाही. तिसऱ्याला लिहिलं, कोयता म्हणजे ऊस तोडायचं हत्यार, आणि आमच्याकडे कोयता म्हणजे ते चालवणारी दोन माणसं. एकटा माणूस अर्धा कोयता धरतात.

सर म्हणाले, दुसरं उत्तर वाचून ते तुझा अर्ज फेकून देतील. मी म्हणाले, देऊ दे. असं म्हणाले खरी, पण त्या रात्री जेवले नाही. मायला सांगू नका.

तुमची सचिवकी शाबूत ठेवा.

सत्यभामा


परभणी, ४ जून १९८७

मोहनकाका,

मिळालं.

पत्र आठ ओळींचं आहे. अनुदान मंजूर, तीन वर्षांसाठी. एक अट आहे. प्रकल्पावर दोन नावं हवीत, माझं आणि श्री. आसाराम यांचं, आणि जो काही शोध छापला जाईल त्यावरही दोन्ही हवीत. शेतावरच्या कामाचा त्यांचा मोबदला वेगळा धरला आहे. आणि खाली कुणीतरी हातानं लिहिलं आहे की कोयत्याचा खुलासा आम्हाला आवडला.

आबा-माय आता परत आले असतील. त्यांना नीट सांगा. कुठे जायचं नाही, बर्फ नाही. माळावरच्या आपल्याच तुकड्यात आपलीच ज्वारी पेरायची, आणि कोणतं ताट का निवडलं हे मला सांगायचं. मी लिहून घेईन. मी पहिल्यांदा म्हणाले होते ना, समजावत बसू नका. तसं नाही. या वेळी बसा. हवं तर चार दिवस बसा. आणि ते तयार आहेत का, हे विचारा. मी विचारते आहे म्हणावं.

सत्यभामा


वाडी, १२ सप्टेंबर १९८७

चि. सत्यभामा,

चार दिवस म्हणालीस, मी तीन महिने बसलो. समजलं का म्हणशील तर सांगता येत नाही.

जूनमध्ये तुझं पत्र वाचलं तेव्हा आबानं विचारलं, "मंग जायाचं कदी?" मी म्हणालो, जायचं नाही. म्हणाला, "मंग तेला काय मिळनार?" मी म्हणालो, साहेबाला काही मिळणार नाही, माहिती मिळेल. त्यावर तो दोन दिवस विचार करत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आपल्याच रानात राबायला परका मानूस कावून पैसा देईल? यात कायतरी हाय." माय म्हणाली, पोरगी म्हणते ना, मग असंल. तिनं तो स्वेटर उसवून लोकर काढायला घेतली आहे, तुझ्यासाठी काही विणणार आहे. म्हणजे तिचा तरी विश्वास बसला असं मी धरतो.

तू श्रावणात येऊन गेलीस, त्या दोघांना घेऊन दिवसभर माळावर बसलीस आणि वहीभर लिहून नेलंस. परवा आबा मला म्हणाला, "तिनं इचारलं, हे ताट का निवडलं. आजवर कुनी इचारलं न्हवतं, मोहन." मग म्हणाला, "मलाच धड सांगता आलं न्हाई. आता बगून ठेवतो." रोज सकाळी रानात जातो. यंदाही पावसानं हात आखडता घेतला आहे, पण ओल आहे तेवढ्यावर पुढच्या आठवड्यात तुमची पेरणी आहे. तू येशील तोवर वाफे आखून ठेवतो, काठ्या तोडून ठेवल्या आहेत.

पण हे पत्र ज्यासाठी लिहितो ते वेगळंच. काल मुंजाजी मुकादम आला होता. या दिवसांत दारोदार फिरून तो टोळी जमवतो. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, खिशातून पैशाची पुरचुंडी काढून आबापुढे ठेवली. बावीस वर्षं हे असंच होतं, आणि बावीस वर्षं आबानं ती उचलून मायकडे दिली.

काल त्यानं हात लावला नाही. म्हणाला, "औंदा जमायचं न्हाई मुंजाजी. मी दुसरीकडं उचल घेतली हाय."

मुंजाजीला आधी मस्करी वाटली. मग राग आला. म्हणाला, "कुनाकडं? कुनाची टोळी?"

आबा म्हणाला, "पोरीची."

मुंजाजी माझ्याकडे बघायला लागला. मी मान डोलावली. त्यानं पुरचुंडी परत खिशात घातली. जाता जाता टोळीच्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "तिकडं किती कोयते हायेत?"

"एकच," आबा म्हणाला. "ती अर्धी अन् मी अर्धा."

पेरणीला ये. घाटनांदूरच्या स्टेशनावर मी उभा असेन.

काका